विश्लेषण : फिट येणारा कुत्रा ‘पिसाळलेला’ ठरतो तेव्हा…

तोंडातून फेस, ताठ झालेले पाय, फिरलेले डोळे आणि झटके देणारे अंग. गावातल्या पारावर किंवा शहरातल्या चौकात असा कुत्रा दिसला, की ‘पिसाळलाय, पिसाळलाय’ अशी हाकाटी होते आणि लोकांच्या हातात दगड-काठ्या येतात. मात्र अशा कुत्र्याला रेबीज नव्हे, तर अपस्मार म्हणजेच फिटचा आजार असू शकतो. तो संसर्गजन्य नाही आणि बहुतांश कुत्र्यांमध्ये औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात ठेवता येतो. भटक्या कुत्र्यांबाबतच्या न्यायालयीन आदेशांनंतर ‘रेबीजचा संशय’ या शब्दांना मोठे वजन आले आहे. अशा वेळी हा फरक समजून घेणे कुत्र्यांसाठी, त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आणि माणसांच्या सुरक्षेसाठीही का गरजेचे आहे, याचा आढावा.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने २२ ऑगस्टला त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्या मूळ जागी सोडावे; मात्र रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे या आदेशात म्हटले आहे. या प्रकरणाची व्याप्तीही देशभर वाढवण्यात आली. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवण्यास सांगण्यात आले.

थोडक्यात, एखाद्या कुत्र्यावर रेबीजचा ‘संशय’ घेतला गेला, की त्याचे पुढचे आयुष्य बदलते. हा संशय कोण आणि कशावरून घेणार, हा खरा प्रश्न आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तो अधिक टोकदार होतो. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर आणि १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने गावठाणाबाहेर वस्त्यांवर राहतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. गोठ्याची राखण करणारा, मेंढपाळांच्या वाड्यासोबत फिरणारा कुत्रा इथे हौसेचा नाही, गरजेचा आहे. त्याला फिट आली, तर वस्तीवरच्या माणसाला सल्ला देणारे जवळपास कोणीच नसते.

कुत्र्यांमधील अपस्मार म्हणजे काय?

मेंदूतील पेशींमध्ये अचानक आणि अनियंत्रित विद्युत हालचाल झाली, की फिट येते. ग्रामीण भागात याला आकडी, फेफरे किंवा मिरगी म्हणतात. कोणतेही तात्कालिक कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने दोन किंवा अधिक वेळा फिट आली, तर त्याला अपस्मार म्हटले जाते. कुत्र्यांमधील दीर्घकालीन मेंदूविकारांत हा सर्वाधिक आढळणारा आजार आहे. ब्रिटनमधील पशुदवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ मधील अभ्यासात हे प्रमाण ०.६२ टक्के आढळले, म्हणजे दर हजार कुत्र्यांमागे साधारण सहा. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री होती. ब्रिटनमधील प्रमाण इथे जसेच्या तसे लागू होणार नाही. पण ते निम्मे धरले तरी राज्यातील हजारो भटक्या कुत्र्यांना हा आजार असू शकतो. पाळीव कुत्री त्याहून वेगळी.

तपासणीत मेंदूत कोणताही दोष सापडत नाही आणि कारण बहुधा आनुवंशिक असते, अशा प्रकाराला ‘इडिओपॅथिक’ अपस्मार म्हणतात. त्याची पहिली फिट सहसा वयाच्या सहा महिने ते सहा वर्षे या काळात येते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बीगल या जातींमध्ये त्याचे प्रमाण जास्त दिसते. गावठी कुत्र्यांनाही तो होतो.

रेबीज आणि फिट यांत फरक कसा?

सर्वांत मोठा फरक वेळेचा आहे. अपस्माराची फिट अचानक येते, बहुधा एक-दोन मिनिटांत थांबते आणि काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत कुत्रा गोंधळलेला राहतो. त्यानंतर तो पूर्ववत होतो. खातो, पितो, माणसे ओळखतो. दोन फिटच्या मधले दिवस, आठवडे किंवा महिने तो निरोगी असतो. रेबीजमध्ये असे पूर्ववत होणे नसते. स्वभाव बदलतो, आवाज बदलतो, जबडा लुळा पडतो, गिळता न आल्याने सतत लाळ गळते, चाल लटपटते आणि प्रकृती दिवसागणिक ढासळत जाते. लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो.

मात्र हा फरक सामान्य माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवण्याचा नाही. रेबीज झालेल्या कुत्र्यालाही झटके येऊ शकतात. त्यामुळे लसीकरणाची माहिती नसलेल्या, अनोळखी कुत्र्याला झटके येत असतील तर त्याला हात न लावता लांबून लक्ष ठेवणे आणि पशुवैद्यकांना कळवणे हेच योग्य. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ‘त्याला फिटचा आजार आहे’ असे कोणी सांगितले तरी थांबू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर माणसाला वाचवणे जवळपास अशक्य असते.

नियम काय सांगतात?

प्राणी जन्म नियंत्रण नियम पहिल्यांदा २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याला जमावाने मारण्याची मुभा त्यांत कुठेही नाही. तक्रार आल्यावर प्रशिक्षित पथकाने कुत्रा पकडायचा आणि त्याची तपासणी दोघांनी करायची. एक, स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेला पशुवैद्यक आणि दुसरा, प्राणी कल्याण संस्थेचा प्रतिनिधी. रेबीजची दाट शक्यता वाटली, तर कुत्र्याला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवायचे. रेबीज नसून दुसराच आजार आढळला, तर त्याला उपचार आणि पुनर्वसनासाठी प्राणी कल्याण संस्थेच्या ताब्यात द्यायचे.

म्हणजे ‘दुसरा आजार’ असू शकतो, हे नियमांनीच गृहीत धरले आहे. त्यामागे सार्वजनिक आरोग्याचाही विचार आहे. संशयित कुत्रा ठेचून मारून पुरला, तर त्याला रेबीज होता की नाही हे कधीच कळत नाही. रेबीज असेल, तर त्याच्या संपर्कात आलेली माणसे आणि जनावरे शोधण्याची वेळ निघून जाते. रेबीज नसेल, तर गावात विनाकारण भीती पसरते. शिवाय प्राण्यांना क्रूरपणे वागवणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे.

प्रत्येक फिट अपस्माराचीच असते का?

नाही. शेतीप्रधान भागात विषबाधेची शक्यता आधी तपासावी लागते. पिकांवरील ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके, उंदरांसाठीचे झिंक फॉस्फाइड किंवा विषारी आमिष पोटात गेले, तर झटके येतात. सोबत उलट्या, खूप लाळ, जुलाब, अंगाची सतत थरथर दिसते. औषधाचा डबा किंवा पुडी सापडली तर ती पशुवैद्यकाकडे न्यावी. त्यावरून उपचार ठरतो.

लस न दिलेल्या पिल्लांमध्ये डिस्टेंपर हे मोठे कारण आहे. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, जुलाब आणि नंतर जबडा किंवा पाय सतत उडणे, अशी लक्षणे दिसतात. हा विषाणू कुत्र्याकडून कुत्र्याकडे वेगाने पसरतो, म्हणून आजारी पिल्लू वेगळे ठेवणे आवश्यक असते. पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातील कॅल्शियम कमी होणे, लहान पिल्लांमध्ये साखर घटणे, उष्माघात, डोक्याला मार, यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही फिट येते. यातील काही कारणे वेळेत सापडली तर पूर्ण बरी होतात. म्हणूनच पहिल्याच फिटनंतर तपासणी महत्त्वाची.

फिट सुरू असताना काय करावे?

सर्वांत आधी घड्याळ पाहावे. फिट किती वेळ चालली, हे डॉक्टरांसाठी सर्वांत महत्त्वाचे असते. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा मिनिटांसारखे वाटते. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करावे. कुत्रा विहीर, जिना, रस्ता किंवा चुलीजवळ असेल तर मागच्या बाजूने धरून हळूच बाजूला सरकवावे. साखळीने बांधलेला असेल तर साखळी खुंट्याकडून सोडावी, म्हणजे गळफास बसणार नाही. आवाज, प्रखर उजेड आणि गर्दी कमी करावी.

तोंडात हात, चमचा किंवा काठी घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही, पण बेशुद्धीत जबडा मिटून बोटे जायबंदी होऊ शकतात. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, अंगावर लोखंड ठेवणे यांचा उपयोग होत नाही. फिट बहुधा आपोआपच थांबते, त्यामुळे त्या वेळी जे केले त्याला श्रेय मिळते, एवढेच. फिट संपल्यावर कुत्रा भिंतीवर आदळणे, येरझारा घालणे, घरच्या माणसालाही न ओळखणे असे प्रकार करू शकतो. अशा वेळी मुलांना आणि इतर कुत्र्यांना दूर ठेवावे. झटके येणाऱ्या कुत्र्यावर टोळीतील इतर कुत्री तुटून पडण्याचा धोका असतो.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, २४ तासांत दोन किंवा अधिक वेळा आली किंवा मधल्या काळात कुत्रा शुद्धीवर आला नाही, तर ती आणीबाणी समजावी. लांबलेल्या फिटमध्ये शरीराचे तापमान धोकादायक वाढते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

उपचार किती अवघड, किती खर्चिक?

एमआरआयशिवाय निदान होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. पशु-अपस्मारावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने २०१५ मध्ये निदानाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या फिटच्या वेळचे वय, शारीरिक व मज्जासंस्थेची तपासणी, रक्त आणि लघवीच्या चाचण्या, एवढ्यावर पहिल्या पायरीचे निदान करून उपचार सुरू करता येतात. मधल्या काळातही कुत्रा असामान्य वागत असेल, किंवा पहिली फिट फार लहान वा उतारवयात आली असेल, तर पुढच्या तपासण्यांची गरज अधिक असते.

एकाच फिटनंतर कायमचे औषध द्यावे लागतेच असे नाही. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फिट, एकापाठोपाठ येणाऱ्या फिट किंवा लांबलेली फिट असेल तर औषध सुरू करावे, असे हा गट सुचवतो. सर्वाधिक वापरले जाणारे औषध फेनोबार्बिटोन. हे माणसांच्या अपस्मारावरील शंभर वर्षांहून जुने औषध असून आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी द्यावे लागते. रक्तातील पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ‘चार दिवसांत गुण नाही’ म्हणून ते बंद करणे चूक ठरते. सुरुवातीला सुस्ती, मागचे पाय लटपटणे, तहान-भूक वाढणे हे परिणाम दिसतात. यकृतावर परिणाम होऊ शकत असल्याने ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी. पोटॅशियम ब्रोमाइड, लेव्हेटिरासिटॅम हे अन्य पर्याय आहेत. लांबलेली फिट थांबवण्यासाठी घरी नाकातून देण्याचे मिडाझोलॅम किंवा गुदद्वारातून देण्याचे डायझेपाम पशुवैद्यक सुचवू शकतात. ही दोन्ही औषधे ‘एच-वन’ यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीवर प्राण्याचा उल्लेख, पालकाचे नाव आणि मात्रा स्पष्ट असावी. माणसाच्या गोळ्या स्वतःच्या अंदाजाने कधीही देऊ नयेत.

यातील सर्वांत धोकादायक चूक म्हणजे औषध एकदम थांबवणे. तीन महिने फिट आली नाही, म्हणजे आजार गेला असे नसते. अचानक औषध तोडल्यास आधीपेक्षा तीव्र आणि सलग फिट येऊ शकतात. दुसरीकडे, साधारण २० ते ३० टक्के कुत्र्यांमध्ये औषधे देऊनही फिट नीट आटोक्यात येत नाहीत. अशा वेळी उद्दिष्ट ‘एकही फिट नको’ असे नसून ‘कमी, सौम्य आणि लांब अंतराने’ असे ठेवावे लागते.

सांभाळ करणाऱ्यांवर ताण कशाचा?

औषधाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, हे उघड आहे. त्याहून मोठा ताण अनिश्चिततेचा असतो. इंग्लंडमधील श्वानपालकांच्या अनुभवांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या शीर्षकातच या आजाराची तुलना टिकटिकणाऱ्या टाइमबॉम्बशी केली आहे. रात्री झोप न लागणे, बाहेरगावी न जाणे, कुत्रा दुसऱ्याकडे ठेवता न येणे, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे. इथे त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. ‘कुत्र्यासाठी एवढे कशाला?’ हा घरातला आणि शेजाऱ्यांचा प्रश्न आणि ‘पिसाळलेला कुत्रा पाळता का?’ हा आरोप. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांची अडचण वेगळीच. त्यांचा कुत्रा दिवसातून दोनदा ठरल्या वेळी भेटेलच याची खात्री नसते.

काही साध्या गोष्टींनी हा भार हलका होतो. एक वही ठेवावी. फिटची तारीख, वेळ, कालावधी, त्याआधी काय घडले, औषध चुकले होते का, हे त्यात लिहावे. पुढचा उपचार याच वहीवरून ठरतो. घरातील किमान दोघांना औषध देणे आणि प्रथमोपचार जमायला हवेत. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी नव्या आणाव्यात. गळपट्ट्यावर ‘याला फिट येते, रेबीजची लस दिली आहे’ एवढी ओळ आणि फोन क्रमांक लिहिलेली पट्टी लावावी. लसीकरणाचा दाखला मोबाइलमध्ये ठेवावा. गर्दी जमलीच, तर त्या दाखल्याने कुत्र्याचा जीव वाचू शकतो. आजार आनुवंशिक असण्याची शक्यता लक्षात घेऊन अशा कुत्र्यापासून पैदास करू नये. आणि सगळे उपाय करूनही कुत्र्याचे हाल थांबत नसतील, तर पशुवैद्यकाशी दयामरणाबद्दल बोलणे हा त्याच्याशी केलेला विश्वासघात नव्हे.

जिल्ह्यात काय करता येईल?

शासकीय पशुवैद्यकीय यंत्रणा मुख्यतः दुभत्या जनावरांसाठी उभी राहिली आणि दुधाच्या जिल्ह्यात ते स्वाभाविकही आहे. तरीही तालुका लघु पशुसर्वचिकित्सालये, गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने आणि ‘१९६२’ या टोल फ्री क्रमांकावरील फिरते पथक असा सांगाडा अस्तित्वात आहे. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी मुंबईतील परळ किंवा साताऱ्यातील शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. अकोले किंवा जामखेडच्या वस्तीवरून तो प्रवास सोपा नाही.

नव्या इमारती किंवा मोठा निधी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात फेनोबार्बिटोन आणि फिट थांबवणारे इंजेक्शन उपलब्ध असणे, ग्रामपंचायत व नगरपालिकेच्या फलकावर ‘संशयित कुत्रा दिसल्यास कोणाला कळवायचे’ हे नाव-क्रमांकासह लिहिलेले असणे आणि नियमातील दोन जणांची तपासणी समिती कागदावर न राहता नेमलेली असणे, एवढ्याने बराच फरक पडेल. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी लसीकरण शिबिरे होतात, तर १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. पहिल्या शिबिरात फिट आणि रेबीज यांतील फरक सांगणारी पाच मिनिटे ठेवली, तरी जागृतीची सुरुवात होऊ शकते. कारण रेबीजविरोधी लसीकरण जितके वाढेल, तितकी ‘पिसाळलाय’ ही हाकाटी कमी होईल. फिट येणाऱ्या कुत्र्याला सर्वांत मोठे संरक्षण मिळते ते या लसीकरणातून.